कप्तानाचं डोकं

आत्यानं कंगव्याच्या टोकानं ओल्या केसांत भांग पाडला आणि तिचा हात तिथंच थांबला. कपाळावर सरकवलेला चष्मा डोळ्यांवर ओढून ती खाली वाकली. मुलीच्या कानामागे, पिंगट केसांच्या मुळाशी एक काळपट ठिपका होता. बघता बघता तो ठिपका चालू लागला.

"अगं बाई!" आत्या मराठीत म्हणाली. दचकली की तिच्या तोंडून मराठीच निघायचं.

"काय झालं?" समोरच्या स्टुलावरची मुलगी म्हणाली. "वेणी घट्ट घाल हं. परवा शर्यत आहे. मला केस डोळ्यांवर नकोत."

आत्यानं आणखी दोन जागी केस बाजूला केले. एक, दोन, तीन. लिखासुद्धा. अठ्ठावीस वर्षं मुलींच्या वसतिगृहात मेट्रन होती ती. तिला काय कुणी शिकवायला हवं होतं? उवाच होत्या. चांगल्या पोसलेल्या.

मुलगी नऊ वर्षांची. तिला सगळं शिबिर 'कप्तान' म्हणायचं, कारण आत्याच्या खोलीतल्या सहा मुलींच्या तराफ्याची ती कप्तान होती. चार रिकामी पिंपं, फळ्या आणि दोरखंड एवढ्यावर मुलींनी स्वतः बांधलेला तराफा. गुरुवारी दहा वाजता असे सहा तराफे तळ्याच्या या काठावरून त्या काठावर जाणार होते. कप्तान या शिबिरात तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी तिला ताप भरला. दुसऱ्या वर्षी असं वादळ झालं की शर्यतच रद्द. या वर्षी ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगत होती की आता काहीही होऊ दे, मी वल्हं सोडणार नाही.

आणि खोलीच्या दारामागे नियमांचा कागद चिकटवलेला होता. त्याच्या प्रत्येक पानावर आत्यानं सही केली होती. सातवा नियम तिला पाठ होता: मुलांच्या डोक्यात उवा आढळल्यास त्याच दिवशी पालकांना फोन, घरी रवानगी आणि सात दिवस परत प्रवेश नाही. शिबिराचे उरले होते पाच दिवस.

तिला आत्या सगळेच म्हणायचे. त्याचं असं झालं. ती निवृत्त झाली तेव्हा पुतणीनं विचारलं, "आत्या, आता काय करणार?" आत्या म्हणाली, "काय करायचंय? बसेन पाय पसरून." पुतणीला ते काही पटलं नाही. तिनं मोबाइलवर फॉर्म भरून टाकला: परदेशात मुलांचं उन्हाळी शिबिर, स्वयंसेवक हवेत, वयाची अट नाही. 'मुलांनी तुम्हाला काय म्हणावं?' असा एक रकाना होता, त्यात तिनं सरळ 'आत्या' लिहिलं. सहा महिने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आत्या तिकडची भाषा शिकली आणि चोपन्नाव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली. उतरून बघते तर गळ्यात घालायचं ओळखपत्र तयार, त्यावर मोठ्या अक्षरात 'आत्या'. आयुष्यभर एका भावाच्या दोन पोरांची आत्या असलेली बाई एका दिवसात नव्वद पोरांची आत्या झाली. म्हातारा स्वयंपाकीसुद्धा तिला आत्या म्हणायला लागला.

खरं सांगायचं तर ती इतकी खूश होती की तिचं तिलाच हसू यायचं. गजर व्हायच्या आधी उठायची. तळं दिसलं की रोज नव्यानं "आहाहा" म्हणायची. सलवार-कमीजवर पांढरे बूट घालून टेकडी चढायची आणि वर पोचून पुतणीला फोटो पाठवायची. पुतणी लिहायची, 'आत्या, जरा दमानं!' चुकाही रग्गड केल्या. पहिल्या सकाळी तिनं सहाही मुलींची उकडलेली अंडी सोलून ठेवली. तेव्हा तिला सांगण्यात आलं की इथं मुलं आपलं आपण करतात. तेव्हापासून ती न्याहारीला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायची, नाहीतर ते आपोआप कुणाचं तरी बटण लावायला निघायचे. मुलांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हाही नियम. मग ती विचारायची, "वेणी घालू?" तिसऱ्या दिवसापासून मुलीच रांग लावायला लागल्या.

आणि आता हे.

"कप्तान," आत्या म्हणाली, "तुझ्याकडे पाहुणे आलेत."

तिनं कंगवा पुढं धरला. कप्तानानं बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिलाही सातवा नियम पाठ होता.

"कुणाला सांगू नको," ती कुजबुजली. "आत्या, प्लीज."

चाळीस मुलींच्या वसतिगृहात दर रविवारी फणीचा कार्यक्रम असायचा. उवा झाल्या म्हणून कुणी कुणाला घरी धाडलं नव्हतं. एवढ्याशा किड्यासाठी पोरीला तिसऱ्या वर्षीही काठावर बसवायचं? पण लपवायचं म्हणजे सहीला काळं फासायचं. तेही तिला जमणारं नव्हतं.

"सांगावं लागेल," ती म्हणाली. "पण कसं सांगायचं ते माझ्यावर सोड."

संचालिकाबाईंची खोली म्हणजे एक टेबल, एक खिडकी आणि भिंतभर वेळापत्रकं. बाई उंच, करकरीत, गळ्यात शिट्टी. त्यांना हसताना आत्यानं अजून पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फोन जवळ ओढला.

"थांबा बाई," आत्या म्हणाली आणि तिचं तिलाच आश्चर्य वाटलं, इतका आवाज चढला होता. "मला गुरुवार सकाळपर्यंत वेळ द्या. मी डोकं साफ करून देते."

"दीड दिवसात?"

"अठ्ठावीस वर्षं हेच केलंय. बारीक दातांची फणी आहे माझ्याकडे. पुतणी हसली होती मला ती बॅगेत टाकताना. तोवर कप्तान वेगळी झोपेल, टोपी-टॉवेल वेगळा. गुरुवारी आठला नर्सबाईंना तपासू द्या. एक जरी निघाली तर करा फोन, मी तोंडातून शब्द काढणार नाही."

संचालिकांनी खिडकीबाहेर बघितलं. धक्क्यावर पोरं पिंपं बांधत होती, एकमेकांवर ओरडत होती.

"एक जरी," त्या म्हणाल्या.

"एक जरी," आत्या म्हणाली.

मग काय, लढाईच सुरू झाली. बोटींच्या शेडमागे भरपूर ऊन असायचं. तिथं स्टूल टाकायचं, कप्तानाच्या खांद्यांवर पांढरा टॉवेल पसरायचा, केसांना खोबरेल चोपडायचं आणि बट-बट वेगळी करून मुळापासून फणी ओढायची. आत्याची नजर आता पहिल्यासारखी राहिली नव्हती. एकेक लीख नखानं ओढायची तर ती अगदी डोक्याला डोकं लावून बसायची. कप्तानाला आधी लाज वाटली, मग भीती, मग मजा वाटायला लागली.

"शत्रूची किती गलबतं बुडाली?" ती विचारायची.

"चौदा," मंगळवारी संध्याकाळी आत्यानं जाहीर केलं.

बुधवारी सकाळी आणखी सहा बुडाली. दुपारी जेवणानंतरच्या विश्रांतीच्या तासात दोन. आत्या इतकी खूश झाली की तिनं शेडमागेच फुगडी घालायला कप्तानाचे हात धरले. दोघी गरगरा फिरल्या आणि आत्याचा बूट निघून गवतात पडला. दुपारी तराफा पाण्यात ढकलून मुलींनी सराव केला. कप्तान पुढं उभी राहून "एक, दोन, ओढ!" असं ओरडत होती आणि आत्या काठाकाठानं पळत तिच्या वरताण ओरडत होती. एकदा तराफा गोल फिरला, मागच्या दोघी पाण्यात पडल्या, हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. लाइफ जॅकेट घालून काठावर गंभीरपणे उभ्या असलेल्या जीवरक्षकालाही हसू आवरेना.

संध्याकाळी शेवटची फणी. आत्यानं हौसेनं स्टूल मांडलं. आता शून्य, असं दोघींनी आधीच ठरवून टाकलं होतं.

निघाल्या पाच. मोठ्या, धडधाकट.

"असं कसं?" आत्या म्हणाली. "दुपारी तर दोनच होत्या. या आल्या कुठून?"

तिनं उशीचा अभ्रा बदलला होता. टोपी गरम पाण्यातून काढली होती. मग दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यातून येत असणार. जेवायच्या आधी तिनं उरलेल्या पाचही मुलींना विचारून विचारून वेण्या घातल्या, आणि वेणीच्या निमित्तानं डोकी तपासली. पाचही साफ. एक लीख नाही. एवढी वर्षं जे केलं त्यावरचा तिचा भरवसा पहिल्यांदा डळमळला. वय झालं, नजर गेली, उगाच मोठा आव आणून त्या पोरीला आशेला लावलं, असं तिच्या मनात आलं आणि जेवण तिला गेलं नाही.

गुरुवारी सकाळी सात वाजता दोघी पुन्हा शेडमागे. कप्तान शर्यतीचा निळा शर्ट घालूनच आली होती. आत्या लगेच कामाला लागली. नाक जवळजवळ केसांत खुपसून तिनं अर्धं डोकं पालथं घातलं. टॉवेलावर तीन पडल्या.

"किती?" कप्तानानं विचारलं.

आत्यानं पुन्हा एकदा मोजल्या.

"आत्या, किती?"

"तीन," आत्या म्हणाली. "माझं चुकलं गं. मला जमलं नाही."

कप्तान स्टुलावर गर्रकन वळली. ती रडेल असं आत्याला वाटलं होतं. पण ती आत्याकडे टक लावून बघत होती, म्हणजे नीट सांगायचं तर आत्याच्या कानशिलाकडे.

"आत्या," ती हळूच म्हणाली, "तुझ्या कानावर एक चालतेय."

आत्याचा हात कानाकडे गेला आणि तसाच राहिला.

कप्तानानं तिच्या हातातून फणी घेतली. "बस," ती म्हणाली. आत्या स्टुलावर बसली. कप्तानानं दोन दिवसांत सगळं नीट पाहून ठेवलं होतं: मुळाशी टेकवायची, दाबायची, ओढायची, टॉवेलावर झटकायची. पहिल्या फटक्यात चार पडल्या. दुसऱ्यात सहा. तिसऱ्यानंतर तिनं मोजणं सोडून दिलं.

आत्या टॉवेलाकडे बघत राहिली. महिनाभर डोकं खाजत होतं. आधी केसांच्या रंगाला दोष दिला, मग विमानातल्या हवेला, मग इथल्या पाण्याला. आणि पहिल्याच दिवशी कप्तानाचा कंगवा सापडेना, तेव्हा "घे गं माझा" म्हणून आपला कंगवा देणारी कोण, तर तीच. वसतिगृहात कुणी दुसरीचा कंगवा नुसता उचलला तरी घर डोक्यावर घेणारी बाई! आणि वर दोन दिवस डोक्याला डोकं लावून बसली. एका हातानं काढत होती आणि दुसरीकडून सोडत होती.

"म्हणजे शत्रूचं बंदर इथं होतं," कप्तान म्हणाली.

आत्याला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. मग ती एकदम उठली, टॉवेल झटकून डोक्याला कानांसकट आवळून बांधला आणि चार पावलं मागं सरली.

"लांब राहा माझ्यापासून. चल, पळ. संचालिकाबाईंकडे."

"पण त्यांना कळलं तर—"

"कळायलाच हवं."

आत्या बाईंच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. दारातूनच तिनं सांगितलं, थोडं तिकडच्या भाषेत, थोडं हातवारे करत. "बाई, चूक माझी आहे. हिला माझ्या डोक्यातून झाल्या. हिच्यात फार उरल्या नाहीत, अर्धं डोकं बघायचं राहिलंय, आणि आता मी जवळ जाणार नाही. ठरलं होतं तसं करा, पण माझ्या चुकीची शिक्षा हिला का? जायचं तर मी जाते. मी सामान भरते."

संचालिकांनी आधी आत्याच्या डोक्यावरच्या टॉवेलाकडे पाहिलं, मग निळ्या शर्टकडे, मग घड्याळाकडे. साडेसात.

"आपलं आठला ठरलं होतं," त्या म्हणाल्या आणि फणीसाठी हात पुढं केला. "नर्सला उठवा कुणीतरी."

कप्तान आत गेली आणि दार बंद झालं.

आत्यानं खरंच सामान भरलं. भरायला किती वेळ लागतो? वीस मिनिटं. आठला नर्सच्या खोलीकडे जायची तिची हिंमत झाली नाही. बॅग घेऊन ती बोटींच्या शेडमागे जाऊन बसली. तिथून तळं दिसायचं, पण ती कुणाच्या वाटेत येत नव्हती. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. काठावर पोरांचा गलका वाढत चालला. तिला वाटलं, आता एखादी गाडी येईल, त्यातून आईबाप उतरतील, आणि कप्तान मान खाली घालून मागच्या सीटवर बसेल. गाडीचा आवाज ऐकायला ती कान देऊन बसली होती.

दहाला शिट्टी झाली. आत्या बॅगेवर चढून उभी राहिली.

सहा तराफे धक्क्यापासून सुटले. निळ्या शर्टांच्या तराफ्यावर कितीजणी? लाइफ जॅकेटांच्या गर्दीत काही कळेना. चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. सगळ्यांत पुढं, गुडघे टेकून, केस डोक्याला चप्प चिकटवलेली एक मुलगी हात वर करून ओरडत होती. "एक, दोन, ओढ!"

"आहे! आहे गं बाई!" आत्या मराठीत किंचाळली आणि बॅगेवरून पडता पडता वाचली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या क्षणी कळलं. ती बॅगेवर मटकन बसली.

मागून कुणीतरी स्टूल आणून ठेवलं. वळून बघते तर संचालिका. बाह्या कोपरापर्यंत वर, एका हातात फणी, दुसऱ्यात खोबरेलाची बाटली. शर्टावर तेलाचे डाग.

"पावणेआठला दोन निघाल्या," त्या म्हणाल्या. "आठला नर्सनं भिंगातून बघितलं. एकही नाही."

"तुम्ही काढल्या?"

"मी आणि नर्स. कप्तान शिकवत होती."

आत्यानं हात जोडले. मग बॅगेचा पट्टा खांद्यावर घेतला. "मी चारच्या बसनं जाते, बाई."

"मी नियम पुन्हा वाचला. 'मुलांच्या डोक्यात' असं लिहिलंय. मोठ्यांच्या डोक्याबद्दल काहीच नाही. कुणाला सुचलंच नसणार." संचालिकांनी फणी उन्हात धरून बघितली. "तुमच्या वसतिगृहात काय करायचात? मेट्रनलाच झाल्या तर?"

आत्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. दर रविवारी चाळीस डोकी. अठ्ठावीस वर्षं. घरी भाऊ, वहिनी, मुलं. सगळ्यांचं करून झाल्यावर आपल्या केसांवर एक हात फिरवून ती कामाला लागायची.

"माहीत नाही," ती म्हणाली. "माझं कधी कुणी बघितलंच नाही."

संचालिकांनी बॅगेचा पट्टा आत्याच्या खांद्यावरून काढला आणि स्टूल थोडं पुढं ओढलं.

"बसा. मान खाली."

"अहो, शर्यत!"

"मी सांगते शर्यतीचं. मान खाली."

आत्या बसली. टॉवेल सुटला. थंडगार तेल टाळूवर पडलं आणि मग बाईंची लांब, शिकाऊ बोटं केसांत शिरली. फणी मुळाशी टेकली, दबली, हळूहळू खाली आली. आत्याला फक्त आपले पांढरे बूट आणि त्यांच्याभोवतीचं गवत दिसत होतं. काठावर उरलेली पोरं बोंबलत होती.

"कुठवर आल्या?"

"चौथ्या आहेत. हिरवे पुढं आहेत. तुम्ही हलताय."

"नाही हलत. आता?"

"हिरव्यांचं पिंप सुटलं!" बाईंचा आवाज चढला. फणी जागच्या जागी थांबली, पुन्हा चालू झाली. "तिसऱ्या. लाल तराफा गोल फिरतोय. तुमच्या मुली सरळ चालल्यात."

"कप्तान काय करतेय?"

"ओरडतेय. दुसऱ्या! आत्या, दुसऱ्या आल्या! जरा पुढं... वल्हं मार, वल्हं मार गं!" आता संचालिका स्वतःशी बोलत होत्या की पोरींशी, त्यांनाच ठाऊक. डावा हात आत्याच्या डोक्यावर घट्ट होता, उजवा हवेत. "किती राहिलं? दहा हात. आठ. पिवळे जवळ आहेत. पुढं हो, पुढं हो!"

काठावर एकच कल्लोळ उठला. संचालिकांनी अशी काही आरोळी ठोकली की शेडवरचे पक्षी उडाले. फणी गवतात पडली. पण डावा हात डोक्यावरच होता, केसांत तसाच, आणि तो आत्याच्या डोक्यावर हळूहळू थोपटत होता, आनंदाच्या भरात, न कळत.

आता मान वर करून बघायला काहीच हरकत नव्हती. आत्या तशीच बसून राहिली.